हेल्मुट फॉन मोल्टके (थोरला) : नेमकं कर्तृत्व कशात?

जुनी_बखर

१८६४ साली डेन्मार्क, १८६६ साली ऑस्ट्रिया, १८७०-७१ साली फ्रान्स. सात वर्षांत प्रशियाने तीन युद्धं जिंकली आणि तिन्हींच्या आखणीमागे एकच माणूस होता, जनरल स्टाफचा (मोहिमा आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या विभागाचा) प्रमुख हेल्मुट फॉन मोल्टके.

थोडक्यात जीवनपट देतो. जन्म २६ ऑक्टोबर १८००, मेक्लेनबुर्गमधलं पार्किम. वडील डेन्मार्कच्या चाकरीत गेले, म्हणून शिक्षण कोपनहेगनच्या कॅडेट शाळेत आणि पहिली नेमणूकही डॅनिश पलटणीत. १८२२ मध्ये तो प्रशियाच्या सैन्यात आला. बर्लिनच्या युद्धशाळेत तीन वर्षं काढली (तेव्हा शाळेचा संचालक युद्धशास्त्राचा नामवंत लेखक क्लाउझेवित्स होता, पण तो कारभार बघायचा, शिकवायचा नाही). मग सायलेशिया आणि पोझेन प्रांतात भूमापन, १८३३ मध्ये जनरल स्टाफ, १८३५ ते १८३९ तुर्कस्तान. १८५७ मध्ये प्रमुखपद हाती आलं ते थेट १८८८ पर्यंत. मृत्यू २४ एप्रिल १८९१, बर्लिन.

या सगळ्यात एकदाही तो रेजिमेंटचा मुख्य नव्हता. लढाई त्याने पाहिली तीही बहुतेक टेकडीवरून. माझं मत असं की मोल्टकेचं कर्तृत्व रणांगणावर शोधूच नये. ते रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. लढाया कोअरच्या आणि डिव्हिजनच्या (सैन्याच्या मोठ्या भागांच्या) सेनापतींनी जिंकल्या. त्याने त्यांना वेळेवर तिथे पोचवलं. जाणकारांनी साधकबाधक लिहावं.

रुळावरून

सहमत. थोडे आकडे देतो म्हणजे 'वेळेवर पोचवलं' या दोन शब्दांत किती काम दडलंय ते कळेल.

१८७० च्या सुमारास प्रशियाच्या एका कोअरमध्ये साधारण तीस हजार माणसं. ती माणसं, घोडे, तोफा, दारूगोळ्याच्या गाड्या, इस्पितळ, भटारखाना असं सगळं हलवायला जवळपास १०० आगगाड्या लागत. दुहेरी मार्गावर दिवसाला १८ लष्करी गाड्या सोडायचं ठरलेलं, एकेरीवर १२. म्हणजे दुहेरी मार्गावर एक कोअर हलायला साडेपाच दिवस आणि एकेरीवर आठ दिवसांहून जास्त. हे एका कोअरचं. उत्तर जर्मन संघाच्या सैन्याला सहा मार्ग आणि दक्षिणेकडच्या राज्यांना तीन, असे एकूण नऊ मार्ग वाटून दिले होते.

आता पायऱ्या बघा, कारण खरी हुशारी त्यांच्या क्रमात आहे.

आधी सैन्यसज्जता. राखीव सैनिकांची बोलावणी आगाऊ लिहून तयार. तार आली की ती वाटायची. माणूस आपल्याच जिल्ह्यातल्या कोठारावर येणार, तिथेच गणवेश, बंदूक आणि बूट मिळणार. घोडे गावोगावच्या आगाऊ नोंदींवरून ताब्यात घ्यायचे. पलटण पूर्ण भरेपर्यंत कोणीही गाडीत चढायचं नाही.

त्यानंतर वाहतूक. प्रत्येक तुकडीला कुठलं स्टेशन, कितवा दिवस, किती वाजता, जेवणाचा थांबा कुठे आणि उतरायचं कुठे, हे तक्त्यात ठरलेलं. घोडे आणि तोफा चढवायला उतरता धक्का लागतो. तो जिथे नाही ते स्टेशन घोडदळाला द्यायचंच नाही.

आणि सगळे उतरल्यावर जमवाजमव.

१६ जुलै १८७० हा सज्जतेचा पहिला दिवस. पुढच्या १८ दिवसांत ११,८३,००० माणसं बराकींतून सज्ज होऊन गेली आणि त्यांतली ४,६२,००० फ्रान्सच्या सरहद्दीवर उतरली.

सडी_फौज

समोर फ्रान्सने काय केलं तेही लिहा, म्हणजे फरक दिसेल. त्यांनी सज्जता आणि जमवाजमव एकाच वेळी सुरू केली. पलटण आहे त्या संख्येने सरहद्दीकडे रवाना, राखीव सैनिक मागून येतील असा हिशोब. पण पलटण एकीकडे आणि तिचं कोठार भलतीकडे. झुआव (अल्जीरियातल्या फ्रेंच पायदळाच्या) पलटणीच्या राखीव माणसाने आधी अल्जीरियात जाऊन सामान घ्यायचं, मग परत अल्सासला यायचं. सरहद्दीजवळच्या मेत्सच्या स्टेशनात मालाच्या वाघिणी तुंबल्या, कारण आत काय आहे आणि ते कोणाचं आहे हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं.

२१ जुलैची जनरल मिशेलची तार तर प्रसिद्धच आहे. बेलफोरला पोचलो, माझी ब्रिगेड सापडत नाही, डिव्हिजनचा सेनापती सापडत नाही, काय करू, माझ्या पलटणी कुठे आहेत ठाऊक नाही, असा तिचा मजकूर.

गोलंदाज

दोघांचे प्रतिसाद छान, पण अर्धीच बाजू आली आहे. रेल्वेने माणसं पोचवली, रसद पोचवली नाही.

१८६६ चं बघा. माणसं वक्तशीर गेली: १,९७,००० माणसं, ५५,००० घोडे आणि ५,३०० घोडागाड्या, २१ दिवसांत. त्यांच्यामागून भाकरी, दाणा आणि दारूगोळा निघाला तिथे गाडं अडलं. पुरवठादारांनी जमेल तितका माल रुळांवर ढकलला. उतरवणारे हात आणि पुढे नेणाऱ्या बैलगाड्या-घोडागाड्या आहेत का, हे कोणी पाहिलंच नाही. अठरा हजार टनांच्या आसपास माल मार्गांवर अडकून पडला. शेकडो वाघिणी चाकांवरची कोठारं बनल्या. भाकरी शिळी होऊन बुरसली, चारा कुजला. पुढचं सैन्य बोहेमियातल्या (ऑस्ट्रियाचा तेव्हाचा प्रांत, आता चेक देशात) गावांवर जगत होतं.

दुखणं नेहमी एकच असतं. गाडी भरायला जितकी माणसं लागतात तितकीच रिकामी करायला लागतात, आणि शेवटच्या स्टेशनात वाघीण रिकामी झाली नाही तर मागच्या स्टेशनात इंजिन अडतं. रुळाची ताकद रुळावर मोजून उपयोग नाही, ती शेवटच्या फलाटावर मोजायची.

१८७० मध्येही तेच. तूलचा किल्ला २३ सप्टेंबरपर्यंत पडला नाही, तोवर पॅरिसकडचा मुख्य मार्ग बंद. मेत्स वेढ्यात, म्हणून त्याला वळसा घालून रेमिली ते पाँ-ता-मूसाँ असा ३६ किलोमीटरचा नवा मार्ग टाकावा लागला. ४,२०० मजूर, ४८ दिवस. नांतॉयचा बोगदा फ्रेंचांनी उडवलेला, तिथेही वळसा घालून मार्ग काढेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. 'वेळापत्रकाने युद्ध जिंकलं' हे पहिल्या तीन आठवड्यांपुरतं खरं. पुढचे सहा महिने वेगळे.

चिंचेचा_पाला

हा तोच ना, १९१४ मध्ये मार्नच्या लढाईत गडबडलेला?

जुनी_बखर

@चिंचेचा_पाला, नाही. तो पुतण्या. नावही हेल्मुटच, जन्म १८४८, मृत्यू १९१६. म्हणून शीर्षकात 'थोरला' लिहिलंय. थोरला १८९१ मध्येच गेला. मधली बरीच वर्षं स्टाफप्रमुख श्लीफेन होता.

@गोलंदाज, रसदेचा मुद्दा मान्य. पण लढाईच्या आधी कोण कुठे उभा आहे यावरच निम्मा निकाल लागतो, आणि ते काम पहिल्या तीन आठवड्यांतलंच आहे.

अक्षरवेल्हाळ

अवांतर, पण राहवत नाही. उच्चार 'मोल्टके' असा ठणठणीत ए-कारान्त नाही. जर्मन शब्दाच्या शेवटचा ए अगदी पुसट, 'अ' सारखा असतो. बोली मराठीत आपण 'हलकं' म्हणतो तसं 'मोल्टकं' म्हणा, बरोब्बर जमतं. लिहिताना मात्र 'मोल्टके' रूढ आहे, तेच ठेवावं.

शिलेदार

'लढाई त्याने टेकडीवरून पाहिली' या वाक्यात दुरुस्ती हवी. निझिप, २४ जून १८३९.

सुलतान महमूद दुसऱ्याच्या सैन्यात सल्लागार म्हणून गेलेला मोल्टके तेव्हा हाफिझ पाशाच्या तळावर होता. समोर मिसरचा इब्राहिम पाशा. इब्राहिमने थेट हल्ला न करता डाव्या बगलेला वळसा घालायला सुरुवात केली. मोल्टकेने सांगितलं, इथून मागे फिरा, युफ्रेटिसकाठी बिरेजिकला तटबंदी केलेली जागा तयार आहे, पाठ नदीला असली तरी बगला सुरक्षित आहेत. माघार घेणं लाजिरवाणं आहे असं पाशाचं मत, मुल्लांचाही तोच कौल. मोल्टके तोफखान्याजवळ थांबला. तुर्की फळी काही तासांत मोडली आणि तो कसाबसा निसटून कॉन्स्टँटिनोपलला पोचला.

पराभव कसा होतो हे त्याने आतून पाहिलं होतं. पुढे वरिष्ठ सेनापतीच्या शेजारी स्टाफचा अधिकारी असणं आणि त्याचं ऐकलं जाणं यावर त्याने जो भर दिला, त्यामागे निझिप आहे असं मला पक्कं वाटतं.

याच काळात त्याने कॉन्स्टँटिनोपल आणि बॉस्फरसची मोजणी करून नकाशा केला, आणि फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यावरून तैग्रिस नदी उतरून मोसुलपर्यंत गेला. भूमापक म्हणूनच तो घडला. जमिनीकडे बघायची नजर तिथली आहे.

उत्तररात्र

शिलेदार, उत्तम प्रतिसाद. भूमापनाला दुजोरा. १८४० च्या दशकात तो बर्लिन-हॅम्बुर्ग रेल्वेच्या संचालक मंडळावर होता आणि १८४३ मध्ये रेल्वेमार्ग कुठून न्यावा यावर त्याने लेख लिहिला: चढ, वळणं, खर्च, वाहतूक. सैन्य डोक्यात घेऊन रुळांकडे बघणारे पुष्कळ होते. हा रुळांचा धंदा शिकून मग सैन्याकडे वळला.

सडी_फौज

आता सुईबंदुकीबद्दल कोणीतरी बोलायलाच हवं. १८६६ चा विजय वेळापत्रकाचा की ड्रायझेच्या बंदुकीचा?

ही मागून भरायची बंदूक. कागदी काडतूस, त्यात बुडाशी दारू आणि गोळीमागच्या लगद्याच्या टोपणात स्फोटक. चाप ओढला की लांब सुई दारू भेदून पुढच्या स्फोटकावर आदळते. उणिवा दोन. सुई दारूच्या ज्वाळेत राहिल्यामुळे कुजून मोडायची, म्हणून शिपायाकडे जादा सुया असत. आणि मागचा सांधा नीट बंद होत नसे, वायू तोंडावर यायचा, त्यामुळे काहीजण कंबरेवरूनच झाडत.

पण पडल्या पडल्या भरता येते, आणि मिनिटाला पाचेक गोळ्या. ऑस्ट्रियाची लोरेन्त्स पुढून भरायची, दीड-दोन गोळ्या, तेही उभं राहून. लोरेन्त्सचा पल्ला जास्त होता, पण ऑस्ट्रियाने १८५९ च्या इटलीतल्या पराभवातून 'संगिनी लावून धावत जा' असा भलताच धडा घेतला होता. दाट रांगा करून ते सुईबंदुकीसमोर आले.

गोलंदाज

@सडी_फौज, बंदूकच निर्णायक असती तर १८७० मध्ये फ्रान्स जिंकायला हवा होता. फ्रेंचांची शासपो बंदूक ११ मिलिमीटरची, रबरी कड्यामुळे मागचा सांधा घट्ट, पल्ला सुईबंदुकीच्या जवळपास दुप्पट. सँ-प्रिव्हा गावाच्या उघड्या उतारावर प्रशियाच्या गार्ड कोअरचे आठ हजारांवर सैनिक तिनेच पाडले.

१८७० मध्ये तोल सावरला तो क्रुपच्या मागून भरायच्या पोलादी तोफांनी. १८६६ मध्ये मात्र प्रशियाचा तोफखाना कमकुवत होता. निम्म्याशिम्म्या जुन्या गुळगुळीत नळीच्या तोफा, रांगेत मागे अडकलेल्या. ऑस्ट्रियाचा तोफखाना सरस होता आणि क्योनिगग्रेट्सला (३ जुलै १८६६ ची निर्णायक लढाई) त्यानेच माघार झाकली.

बिनीवाला

हत्यारांवरून पुन्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. 'वेगळे चला, एकत्र लढा' या सूत्राबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, आणि मोल्टकेचा गाभा तोच आहे.

यामागे साधं गणित आहे. एक कोअर आपल्या बुणग्यांसकट एका रस्त्यावर लावली तर रांगेची लांबी साधारण एका दिवसाच्या मजलेइतकी होते. डोकं मुक्कामाला पोचतं तेव्हा शेपूट कालच्या मुक्कामावरून निघत असतं. म्हणजे एका रस्त्यावर एका दिवसात एकच कोअर लढाईच्या कामाची. दुसरी त्याच रस्त्यावर मागे लावलीत तर ती उद्या पोचेल. चार कोअर उद्या एका ठिकाणी हव्या असतील तर आज त्या चार समांतर रस्त्यांवर हव्यात.

उलट, सगळं सैन्य आधीच एका जागी गोळा केलं तर ते खाणार काय आणि हलणार कसं? १८६५ मध्ये त्याने लिहून ठेवलंय की मोठा जमाव ही मुळातच एक आपत्ती आहे. तो लढाईसाठीच करावा, आणि लढाई नसेल तर लगेच मोडावा.

म्हणून सैन्य एकत्र यायची जागा छावणीत नसून रणांगणावरच. यात धोका उघड आहे. एक भाग आधी पोचला आणि दुसऱ्याला उशीर झाला तर शत्रू एकेकाला गाठून मारतो.

शिलेदार

बिनीवाला, गणित अचूक. पण १८६६ मध्ये सैन्य सुमारे ४३० किलोमीटरच्या कमानीवर पसरलं ते या सूत्रामुळे नव्हे. ऑस्ट्रियाने तयारी आधी सुरू केली होती. राजा विल्हेल्मला युद्ध नको होतं, सज्जतेचे हुकूम त्याने मे महिन्यात तुकड्यातुकड्यांनी दिले. गेलेला वेळ भरून काढायचा तर पाचही रेल्वेमार्ग एकदम वापरणं भाग होतं. ते पाच मार्ग जिथे संपत (हाल्ले, ग्योर्लित्स, सायलेशिया) तिथेच सैन्य उतरणार. ऑस्ट्रियाकडे व्हिएन्नाहून उत्तरेला जाणारा असा एकच मार्ग होता.

म्हणजे पसरणं ही अडचण होती. मोल्टकेने त्या अडचणीतून वेढ्याचा डाव काढला. कमानीची टोकं मागे गोळा करण्याऐवजी पुढे, बोहेमियात, गिचिनच्या दिशेने आणली.

रुळावरून

शिलेदार यांचा मुद्दा उचलून धरतो. १८५९ मध्ये प्रशियाने इटलीच्या युद्धाच्या वेळी सैन्यसज्जता केली तेव्हा हालवाहतुकीचा विचका झाला होता. मोल्टकेला तिथे कळलं की तक्ता आधी हवा. रेल्वेचा वेगळा विभाग स्टाफमध्ये त्यानंतरच्या वर्षांत उभा राहिला. जी सक्ती १८६६ मध्ये आली ती पेलायची ताकद सात वर्षं आधीपासून जमवली होती.

बिनीवाला

क्योनिगग्रेट्सची आदली रात्र इथे देतो, कारण वेळापत्रक किती बारीक धाग्यावर लटकलं होतं ते त्यात दिसतं.

२ जुलै १८६६. प्रशियाच्या मुख्य तळाला, गिचिनला, वाटत होतं की ऑस्ट्रियाचा सेनापती बेनेडेक याचं सैन्य एल्बे नदीपलीकडे आहे. संध्याकाळी पहिल्या सैन्याचा सेनापती फ्रीडरिश कार्ल याच्या टेहळ्यांना ते अलीकडेच, बिस्त्रित्स नदीमागे सापडलं. रात्री अकराच्या सुमारास बातमी गिचिनला पोचली. मोल्टकेला उठवलं. पहिलं सैन्य आणि एल्बे सैन्य समोरून बांधून ठेवणार, युवराजाचं दुसरं सैन्य ऑस्ट्रियाच्या उजव्या बगलेवर येणार, असं ठरलं. पण युवराज क्योनिगिनहोफला, तीसेक किलोमीटरवर, मध्ये अंधार आणि पावसाचा चिखल. हुकूम स्वारामार्फत गेला आणि पहाटे चारला पोचला.

सकाळी आठला समोरची लढाई सुरू झाली. स्वीपवाल्डच्या जंगलात फ्रान्सेकीची सातवी डिव्हिजन एकटी शिरली. तिला उखडायला ऑस्ट्रियाच्या दोन कोअर आपली नेमून दिलेली जागा सोडून आत घुसल्या. ती जागा म्हणजे नेमकी युवराज येणार होता ती बाजू. दुपारपर्यंत दुसरं सैन्य होरेनोवेसच्या टेकडीवरच्या दोन झाडांचा रोख धरून चिखलातून आलं आणि तीनच्या सुमारास गार्ड्सनी ख्लुम गाव घेतलं, म्हणजे ऑस्ट्रियाच्या फळीचं काळीजच. दोन्ही बाजूंचे मिळून चार लाखांवर लोक त्या मैदानात होते. प्रशियाचं नुकसान सुमारे ९,०००, ऑस्ट्रिया-सॅक्सनीचं सुमारे ४४,०००, त्यांत वीसेक हजार कैदी.

त्या दोन कोअर जागेवर राहिल्या असत्या तर युवराजाला ख्लुम इतक्या स्वस्तात मिळालं नसतं. हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं.

उत्तररात्र

त्याच दिवसाचे दोन किस्से. दुपारी एका डिव्हिजनच्या सेनापतीला मोल्टकेचा हुकूम मिळाला तेव्हा तो म्हणाला, 'हे सगळं ठीक, पण हा जनरल मोल्टके कोण?'

दुसरा प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने सांगितलेला. लढाई अडकली होती, युवराजाचा पत्ता नव्हता. बिस्मार्कने सिगारची पेटी पुढे केली. मोल्टकेने दोन्ही सिगार नीट निरखून त्यातली चांगली निवडली. बिस्मार्कचा जीव भांड्यात पडला.

भातुकली

सिगारवाला किस्सा फार आवडला :) असा माणूस परीक्षेत शेजारी बसलेला हवा.

गोलंदाज

त्याच्या चुकाही मांडल्या पाहिजेत, आणि त्या त्याने स्वतः मान्य केल्या आहेत. ग्राव्हलॉतची लढाई, १८ ऑगस्ट १८७०. उजवीकडे स्टाइनमेत्सचं पहिलं सैन्य मान्स ओढ्याच्या घळीत अडकलं. एकच अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, त्यावर पायदळ, घोडदळ आणि तोफा एकदम घुसलेल्या. संध्याकाळी, अंधार पडताना, नुकतीच पोचलेली दुसऱ्या क्रमांकाची कोअर त्याच घळीत पाठवली गेली. हाती काही लागलं नाही. मोल्टके तिथे हजर होता. आपल्या युद्धवृत्तांतात त्याने लिहिलं की जागेवर असलेल्या स्टाफप्रमुखाने इतक्या उशिरा ही चाल होऊ द्यायला नको होती. तो स्टाफप्रमुख म्हणजे तो स्वतः. त्या दिवशी जर्मनांचं नुकसान वीस हजारांच्या घरात, फ्रेंचांचं बारा हजारांच्या.

स्टाइनमेत्स मोकाट सुटला होता हेही खरं. ६ ऑगस्टला स्पिशेरनला त्याने दुसऱ्या सैन्याच्या वाटेत आपल्या पलटणी घातल्या आणि रस्ते तुंबवले. हाताखालच्याला मोकळीक देण्याच्या पद्धतीची ही किंमत.

बिनीवाला

@गोलंदाज, किंमत खरी, पण पद्धत नीट समजून घेऊ. त्याचा नियम असा: हाताखालचा सेनापती जे स्वतः ठरवू शकत नाही ते सगळं हुकमात हवं, आणि त्याहून जास्त काही नको. क्योनिगग्रेट्सच्या आदल्या रात्री युवराजाला गेलेल्या हुकमात कुठल्या रस्त्याने, किती वाजता, कोण आधी, यातलं काही नव्हतं. ते ब्लूमेन्थालने, युवराजाच्या स्टाफप्रमुखाने, ठरवलं. प्रत्येक सैन्यात आणि कोअरमध्ये एकाच तालमीत तयार झालेला स्टाफचा अधिकारी होता म्हणून ते चाललं.

ती तालीम म्हणजे युद्धखेळ आणि स्टाफची सहल. युद्धखेळ राइसवित्सचा, १८२४ मधला. १:८००० चा नकाशा, लाल-निळे ठोकळे, एक चाल म्हणजे दोन मिनिटं, फासे आणि मध्ये पंच. पंच प्रत्येक बाजूला फक्त तिला दिसू शकेल तेवढंच दाखवतो. सहलीत नकाशाऐवजी खरी जमीन. मोल्टके प्रश्न घालायचा, ठरलेल्या वेळात हुकूम लिहून द्यायचा, मग तिथेच उभं राहून चर्चा. १८५७ मध्ये सगळ्या स्टाफमध्ये ६४ अधिकारी होते. इतक्या थोड्या माणसांना एका वळणाचा विचार करायला शिकवणं हे रुळांइतकंच मोठं काम.

अक्षरवेल्हाळ

आणखी एक अवांतर. त्याचा आवाज आजही ऐकता येतो! २१ ऑक्टोबर १८८९ रोजी एडिसनच्या माणसाने, वांगमानने, मेणाच्या नळकांड्यावर तो क्राइसाउच्या वाड्यात मुद्रित केला. क्राइसाउ म्हणजे १८६६ नंतर मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेतून घेतलेली सायलेशियातली जहागीर, आता पोलंडमध्ये. २०१२ मध्ये ध्वनिमुद्रण लोकांसमोर आलं. अठराव्या शतकात जन्मलेल्या माणसाचा जपला गेलेला हा एकमेव ज्ञात आवाज.

चिंचेचा_पाला

१८०० म्हणजे एकोणिसावं शतक ना?

अक्षरवेल्हाळ

१८०१ पासून एकोणिसावं. १८०० हे अठराव्याचं शेवटचं वर्ष. आणि ज्याला 'सात भाषांत गप्प राहणारा' म्हणत त्याचाच आवाज उरावा, हे फार गोड आहे. सात म्हणजे जर्मन, डॅनिश, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आणि तुर्की. गिबनच्या रोमन साम्राज्यावरच्या ग्रंथाचे बारापैकी नऊ खंड त्याने घोडा घ्यायला पैसे हवेत म्हणून जर्मनमध्ये उतरवले. ठरलेल्या ७५ पौंडांपैकी २५ च हाती आले.

सडी_फौज

पॅरिसच्या वेढ्यात बिस्मार्कशी झालेलं भांडणही त्याच्या कारकिर्दीचा भाग आहे. बिस्मार्कला लवकर तोफा डागून तह हवा होता. मोल्टकेचं म्हणणं, वेढ्याच्या जड तोफांना दारूगोळा पुरेसा साठल्याशिवाय मारा सुरू करून मध्येच थांबवणं सगळ्यात वाईट. आणि तो साठणार कसा? रुळ पॅरिसच्या पूर्वेला संपत, तोफा दक्षिणेला व्हिलाकुब्लेला हव्या. मधला लांबचा रस्ता घोडागाड्यांनी, हिवाळ्यात. दक्षिणेकडचा मारा ५ जानेवारी १८७१ ला सुरू झाला. इथे गोलंदाज यांचा शेवटच्या फलाटाचा मुद्दा तंतोतंत लागू पडतो.

त्या भांडणात राजाने २५ जानेवारीला बिस्मार्कच्या बाजूने निकाल दिला: राजकारणाशी संबंध येणाऱ्या गोष्टी चॅन्सलरला, म्हणजे बिस्मार्कला, कळवाव्यात. युद्ध सुरू झालं की मुत्सद्द्याने बाजूला व्हावं हा मोल्टकेचा आग्रह मला त्याची सगळ्यात घातक शिकवण वाटते. पुढच्या पिढीने तेवढंच नेमकं उचललं.

जुनी_बखर

धागा वाचून माझं मत थोडं हललंय. दोन वाक्यं त्याचीच आहेत. एक: सैन्याच्या पहिल्या जमवाजमवीतली चूक पुढे सबंध मोहिमेत भरून काढता येत नाही. दुसरं: शत्रूच्या मुख्य सैन्याशी पहिली गाठ पडेपर्यंतच कुठल्याही आखणीचा भरवसा, त्यापुढे नाही, आणि रणनीती म्हणजे वेळ येईल तशा उपायांची व्यवस्था. मी पहिलंच वाक्य धरून बसलो होतो. ख्लुम दुसऱ्यातलं आहे.

शिलेदार

१८६४ अजून कोणी काढलंच नाही, आणि मूळ प्रश्नाचं माझं उत्तर तिथे आहे.

डेन्मार्कवरची आखणी मोल्टकेचीच होती: डॅनिश सैन्य डानेव्हिर्कच्या तटावर असतानाच वळसा घालून त्याचा मागचा रस्ता तोडायचा, नाहीतर ते बेटांवर निसटेल. मोल्टके मात्र बर्लिनमध्ये. रणांगणावर ऐंशीच्या घरातला फील्डमार्शल व्रांगेल. हुकूम युद्धमंत्र्यामार्फत, राजामार्फत, कुठून कुठून जात. वळसा जमला नाही आणि ५ फेब्रुवारीच्या रात्री डॅनिश सैन्य बर्फातून निसटलं. मोल्टकेने जे होईल म्हणून लिहून दिलं होतं तेच झालं.

एप्रिलअखेर त्याला सैन्याचा स्टाफप्रमुख म्हणून तिकडे पाठवलं. दोन महिन्यांत आल्सन बेट घ्यायची तयारी झाली. २९ जूनच्या पहाटे दोनला सुमारे १६० होड्यांतून पहिली तुकडी हेरवार्थ फॉन बिटेनफेल्डच्या हाताखाली खाडी उतरून गेली आणि बेट पडलं. हाच हेरवार्थ दोन वर्षांनी एल्बे सैन्याचा सेनापती.

यानंतर २ जून १८६६ चा राजाचा हुकूम निघाला: इथून पुढे मोहिमेचे आदेश जनरल स्टाफच्या प्रमुखाकडून थेट सैन्यांना जातील, युद्धमंत्र्याला फक्त प्रत. तक्ता १८६४ मध्येही होता, आखणीही होती. नव्हती ती ही एक ओळ.

रुळावरून

@शिलेदार, ही ओळ मला मान्य. आणि क्योनिगग्रेट्स ३ जुलैला, म्हणजे हुकमाला महिना आणि एक दिवस. 'हा मोल्टके कोण' असं त्या सेनापतीने का विचारलं ते आता कळलं.